संगणकीय संगीतवादनातील दोष

घरच्या संगणकावर अंकीय संगीत वाजताना आवाज अडखळणे, टचटच किंवा खरखर ऐकू येणे, गाणे वरच्या पट्टीत सरकणे अथवा एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर जाताना मध्येच आवाज थांबणे, असे दोष. आवाज मुळीच न येणे याचा उगम बहुधा चुकीचे ध्वनी-उपकरण निवडलेले असणे एवढाच असतो.

पट्टी सरकण्याचे मूळ नमुनादरात, म्हणजे सेकंदाला घेतलेल्या ध्वनीच्या मोजमापांच्या (नमुन्यांच्या) संख्येत असते. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० मध्ये ठरवलेल्या सीडीच्या मानकानुसार दर सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने घेतले जातात. हाच आकडा का, याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले श्रवणशास्त्राचे : माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते, नमुनादर त्याच्या दुपटीहून जास्त हवा, शिवाय फिल्टरसाठी थोडी मोकळीक हवी. दुसरे यंत्रांच्या इतिहासाचे : साधारणपणे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अंकीय ध्वनी व्हिडिओ टेपवर साठवत. सेकंदाला ६० क्षेत्रे (व्हिडिओ चित्राच्या अर्ध्या रेषांचा एकेक संच) असलेल्या पद्धतीत प्रत्येक क्षेत्राच्या २४५ रेषांवर तीन-तीन नमुने बसवले, किंवा ५० क्षेत्रांच्या पद्धतीत २९४ रेषांवर तितकेच, तरी गुणाकार ४४,१०० च येतो. पहिल्या स्पष्टीकरणातून केवळ खालची मर्यादा कळते. नेमका आकडा दुसऱ्यानेच उलगडतो, म्हणून ते अधिक ग्राह्य वाटते. हा आकडा २१० चा वर्ग आहे, हे मात्र निवडीचे कारण मानण्याजोगे नाही.

व्यावसायिक व्हिडिओत ४८,००० चा दर रुळला. १९९७ च्या सुमारास आलेल्या इंटेलच्या एसी ९७ या संगणक-ध्वनीच्या मानकाचाही मूळ दर तोच. त्यामुळे त्या काळच्या अनेक साउंड कार्डांत सीडीचे संगीत १६० : १४७ या प्रमाणात नव्याने मोजून वाजे. हे रूपांतर ओबडधोबड झाले तर वरच्या स्वरांत विकृती येते. मुळीच झाले नाही तर गाणे सुमारे ८.८ टक्के जलद धावते आणि काळी एकमध्ये गायलेला ख्याल पांढरी दोन व काळी दोन यांच्या मधोमध ऐकू येतो. विंडोज व्हिस्टापासून (२००७) एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये (एकाच प्रोग्रॅमने ध्वनी-उपकरण ताब्यात घेऊन) साउंड कार्ड थेट मूळ दरावर चालवता येते. इतर प्रोग्रॅमचे आवाज त्या वेळी बंद पडतात. तो दोष नव्हे.

अडखळण्याचे कारण वेगळे. प्लेअर बफरमध्ये (स्मृतीतील तात्पुरत्या साठ्यात) नमुने भरत राहतो आणि साउंड कार्ड ते ठरल्या गतीने उचलते. बफर वेळेत भरला नाही की आवाज तुटतो. एमपी३ उलगडणे आजच्या प्रोसेसरला किरकोळ असल्याने ‘संगणक मंद आहे’ हे निदान सहसा चुकते. एखादा वाय-फाय किंवा ग्राफिक्स ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) काही मिलिसेकंद प्रोसेसर अडवून धरत असतो. विंडोजवर लेटन्सीमॉन हा प्रोग्रॅम तो शोधायला मदत करतो. बफर वाढवला की लक्षण जाते, कारण राहते.

दोन ट्रॅकमधला खंड एमपी३ च्या रचनेतून येतो. ध्वनी १,१५२ नमुन्यांच्या चौकटींत साठवतात. शेवटची चौकट रिकाम्या नमुन्यांनी भरावी लागते, आरंभीही एन्कोडर (एमपी३ फाइल बनवणारा प्रोग्रॅम) काही घालतो. लेम या एन्कोडरने ती संख्या फाइलीत नोंदवण्याची सोय केली. ती वाचणारा प्लेअर तेवढे नमुने गाळतो. आलाप व बंदिश वेगळ्या ट्रॅकमध्ये विभागलेल्या ध्वनिमुद्रणांत तानपुऱ्याचा नाद मध्येच तुटतो तो हे जादा नमुने न गाळल्यामुळे. फ्लॅक या काहीही न गमावता ध्वनी साठवणाऱ्या प्रकारात नमुन्यांची एकूण संख्या सहसा फाइलीतच असते. तेथेही तो तुटला तर प्लेअर बदलून पाहावा.