वजनकाट्याला चरबी दिसत नाही

हल्ली मोबाइल उघडला की पाच मिनिटांत कुणीतरी "७ दिवसांत ५ किलो" घेऊन हजर. पट्टा बांधा, पावडर प्या, प्लास्टिकचा सूट घालून पळा, प्रकार वेगवेगळे पण आकडा साधारण तोच. एकदा सरळ हिशेबच करून बघू. शरीरातल्या १ किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी साठवलेल्या असतात (शास्त्रीय भाषेत या किलोकॅलरी, पण बोलताना सगळे कॅलरीच म्हणतात, मीही तेच म्हणणार). म्हणजे ५ किलोच्या झाल्या ३८,५००, आणि त्या ७ दिवसांत संपवायच्या तर रोज ५५०० कॅलरींची तूट पाहिजे. आता साधारण चणीचा तरुण माणूस दिवसभरात खर्चच करतो २००० ते ३००० कॅलरी. म्हणजे आठवडाभर तोंडात कणही घातला नाही तरी हा आकडा गाठता येत नाही.

तरीपण काट्यावर वजन कमी झालेलं दिसतं, खरंच दिसतं, आणि सगळा घोळ तिथेच आहे. विशीतला एखादा मुलगा किंवा मुलगी, आधीच आरशापुढे उभं राहायचं टाळणारी, फोटोत मागच्या रांगेत सरकणारी, मोठ्या हिमतीने सुरुवात करतात. पहिल्या आठवड्यात काटा २-३ किलो खाली, आनंदीआनंद. तिसऱ्या आठवड्यात तो जागचा हलत नाही, चौथ्यात एका दिवसात दीड किलो वर, आणि मग निष्कर्ष काय, तर "माझ्यात दमच नाही". काट्याने चरबीबद्दल अजून धड काही सांगितलेलं नसतं आणि यांनी स्वतःचा निकाल लावून टाकलेला असतो.

म्हणून आधी चरबी नेमकी जाते कुठे ते बघू. हा माझा आवडता विषय आहे, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

कुणालाही विचारा, चरबी घटली म्हणजे ती गेली कुठे? उत्तरं ठरलेली. घामातून गेली, पोट साफ होताना गेली, तिचे स्नायू झाले. आणि जरा शिकलेला माणूस असेल तर "तिची एनर्जी झाली". हे शेवटचं ऐकायला सगळ्यात बरोबर वाटतं पण तेही चूकच. २०१४ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ऑस्ट्रेलियातल्या रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या दोघांचा एक छोटा लेख आला होता, त्यात त्यांनी हाच प्रश्न डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि फिटनेस ट्रेनर यांना विचारला होता, आणि तिन्ही गटांत सगळ्यात जास्त लोकांचं उत्तर होतं "एनर्जी किंवा उष्णता". आता १ किलो वस्तुमानाची खरोखर एनर्जी झाली तर ती किती होईल हे आइनस्टाइनच्या सूत्राने काढा, सुमारे २१ मेगाटन टीएनटी एवढा स्फोट येतो, हिरोशिमावरच्या बॉम्बच्या हजारपटीहून जास्त. डाएट करणारा माणूस शहर उडवत नाही, म्हणजे अणू कुठेतरी शाबूत असणार. एनर्जी येते ती अणूंमधले बंध तुटून नवे बंध जुळताना. अणू आहेत तेवढेच राहतात, फक्त जोडीदार बदलतात.

तर चरबी साठते ती ट्रायग्लिसराइड नावाच्या रेणूच्या रूपात. माणसाच्या चरबीतला सरासरी रेणू घेतला तर त्यात ५५ कार्बन, १०४ हायड्रोजन आणि ६ ऑक्सिजन असतात. खाणं खर्चापेक्षा कमी पडलं की रक्तातलं इन्शुलिन उतरतं, चरबीच्या पेशीतली लायपेज एन्झाइम्स (चरबी तोडणारी प्रोटीन्स) कामाला लागतात, रेणूचे तुकडे होतात, एक ग्लिसरॉल आणि तीन फॅटी ॲसिड. ही फॅटी ॲसिड रक्तातल्या अल्ब्युमिन प्रोटीनला चिकटून हिंडतात आणि जिथे गरज असेल त्या पेशीत शिरतात (म्हणूनच पोटाचे व्यायाम करून फक्त पोटाची चरबी जात नाही, स्नायूला इंधन रक्तातून मिळतं, ते कुठल्या भागातून आलं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं). पेशीत मायटोकाँड्रियामध्ये (पेशीची ऊर्जा तयार करणारी भट्टी) त्या लांब साखळीचे दोन-दोन कार्बनचे तुकडे पडतात, ते तुकडे क्रेब्स सायकल नावाच्या रासायनिक क्रियांच्या साखळीत जातात, तिथे कार्बन बाहेर पडतो कार्बन डायऑक्साइड होऊन, आणि हायड्रोजन शेवटी आपण श्वासात घेतलेल्या ऑक्सिजनला भेटून पाणी होतो.

म्हणजे हिशेब असा: चरबीचा १ रेणू अधिक ऑक्सिजनचे ७८ रेणू, यातून निघतात कार्बन डायऑक्साइडचे ५५ आणि पाण्याचे ५२ रेणू. अणू मोजून बघा, जुळतात. वजनात सांगायचं तर १० किलो चरबी पूर्ण जाळायला २९ किलो ऑक्सिजन आत घ्यावा लागतो, आणि बाहेर पडतो २८ किलो कार्बन डायऑक्साइड आणि ११ किलो पाणी.

आता खरी गंमत. चरबीच्या स्वतःच्या वजनातलं किती कशातून गेलं? कार्बन सगळा कार्बन डायऑक्साइडमध्ये, हायड्रोजन सगळा पाण्यात, हे उघड आहे, पण ते ६ ऑक्सिजन कुठे गेले हे कसं ठरवणार? इथे १९४९ सालचं नेथन लिफसन आणि सहकाऱ्यांचं काम उपयोगी पडतं. त्यांनी जड ऑक्सिजन (नेहमीपेक्षा थोडे जड, म्हणून ओळखता येणारे अणू) वापरून दाखवलं होतं की शरीरातल्या पाण्यातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन यांची आपसात सारखी अदलाबदल होत असते, म्हणजे अमुक अणू अमुक ठिकाणचा असं राहतच नाही, सगळे मिसळतात. मग वाटणी प्रमाणात करायची. कार्बन डायऑक्साइडमध्ये ऑक्सिजनचे ११० अणू आणि पाण्यात ५२, साधारण दोनास एक, म्हणून ६ पैकी ४ इकडे आणि २ तिकडे. बेरीज केली की ८४ टक्के चरबी कार्बन डायऑक्साइड म्हणून जाते आणि १६ टक्के पाणी म्हणून. १० किलोतले ८.४ किलो चक्क नाकातोंडातून हवेत! (डोकं गरगरलं असेल तर मधलं सोडून द्या, ८४ टक्के एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल.)

घामाचा काय संबंध मग? जवळजवळ काही नाही. घाम म्हणजे पाणी आणि मीठ, अंग थंड ठेवायची सोय. प्लास्टिकचा सूट घालून पळालं की पाणी जातं आणि पाणी प्यायलं की ते परत येतं. आणि चरबी श्वासातून जाते हे कळल्यावर लगेच कुणीतरी जोरजोरात श्वास सोडून बारीक व्हायचा कोर्स काढेल म्हणून आधीच सांगतो, तसं होत नाही. कार्बन डायऑक्साइड किती तयार होणार हे पेशींना किती ऊर्जा लागते त्यावर ठरतं, नुसती फुसफुस केली तर रक्तातला साठलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, चरबी तिथल्या तिथे.

हा सगळा कारभार हळू आणि न दिसणारा आहे, तो मुद्दा. दिवसाला ५०० कॅलरींची तूट, म्हणजे बऱ्यापैकी शिस्तीत चाललेल्या माणसाची, धरली तर एका दिवसात सुमारे ६५ ग्रॅम चरबी घटते. आणि काटा तर अख्खं शरीर मोजतो, ज्यात निम्म्याहून जास्त पाणीच आहे. स्नायू आणि लिव्हरमध्ये ग्लायकोजेन नावाची साखरेची साठवण असते, सगळी मिळून अर्धा किलोच्या आसपास, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्यासोबत साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं एकदम कमी केलं की आधी ही साठवण रिकामी होते, पाण्यासकट. पहिल्या आठवड्याचे ते २-३ किलो मुख्यतः हे असतं, चरबी त्यात थोडीच. एक दिवस नीट जेवलात की साठवण भरते, पाणी परत येतं, काटा दीड किलो वर. वर मीठ जास्त झालं की पाणी थांबतं, नवा व्यायाम सुरू केला की स्नायूंना सूज येते आणि तिथे पाणी थांबतं, मुलींमध्ये पाळीच्या आधी थांबतं. रोजची वरखाली एक किलोची आणि शोधतोय आपण ६५ ग्रॅम, हे वाजणाऱ्या बँडशेजारी उभं राहून कुजबूज ऐकण्यासारखं आहे.

आणि असल्या यंत्राच्या हातात आपण स्वतःची किंमत दिलेली असते. मानसशास्त्रात जेनिफर क्रॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या वर्षांत यावर बरंच काम केलं, कॉलेजच्या मुलांवरच. त्यांचं म्हणणं असं की सेल्फ-एस्टीम, म्हणजे स्वतःच्या नजरेतली स्वतःची किंमत, किती आहे एवढंच बघून भागत नाही, ते कशाला टांगलंय हेही बघायला लागतं. कुणाचं मार्कांना, कुणाचं दिसण्याला, कुणाचं लोकांच्या शाबासकीला. ज्याला टांगलंय ते हललं की मनही हलणार. म्हणजे रोज सकाळी किलोभर इकडेतिकडे होणाऱ्या आकड्याला टांगलं, तर मनही रोज सकाळी पाण्यासोबत वरखाली, यात त्या मुलाचा स्वभाव, इच्छाशक्ती वगैरे काही येतच नाही.

त्यात बरेच जण घाईने खाणं अर्ध्यावर आणतात, आणि उपासमारीचा मनावर काय परिणाम होतो हे आपल्याला नीट माहीत आहे. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुणांवर प्रयोग केला, शरीराने आणि मनाने धडधाकट म्हणून निवडलेले, युद्धात लढायला नकार दिलेले स्वयंसेवक. २४ आठवडे त्यांना आधीच्या साधारण निम्मं खाणं दिलं, वजन सरासरी चतुर्थांशाने उतरलं. आणि ही धडधाकट पोरं चिडचिडी झाली, उदास झाली, मित्रांत मिसळेनाशी झाली, दिवसरात्र खाण्याचाच विचार, काही जण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. भरपेट खायची परवानगी मिळाल्यावरही कित्येकांचं पोट भरल्यासारखं वाटेना. तेव्हा कडक डाएटच्या तिसऱ्या आठवड्यात "मी काही कामाचा नाही" असं वाटायला लागलं, तर ते मत तुमचं आहे का भुकेचं, हे आधी तपासा.

लोकांनी टोमणे मारले की माणूस जिद्दीने बारीक होतो हीसुद्धा एक लाडकी अंधश्रद्धा, आणि ती घरातल्या मोठ्यांमध्ये जास्त. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ६००० हून जास्त प्रौढांच्या माहितीवरून अँजेलिना सुटिन आणि अँतोनियो तेराचियानो यांनी दाखवलं की वजनावरून भेदभाव सोसलेल्यांमध्ये, जे आधी लठ्ठ नव्हते, ते पुढच्या चार वर्षांत लठ्ठ होण्याची शक्यता अडीचपट होती. ती माणसं पन्नाशीच्या पुढची होती आणि अशा अभ्यासातून कारण पक्कं सिद्ध होत नाही हे मान्य, पण टोमण्यांनी फायदा होतो याच्या अगदी उलट चित्र आहे एवढं खरं.

मग टांगायचं कशाला? अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये सेल्फ-एफिकसीची कल्पना मांडली, "हे मला जमतं" हा विश्वास, आणि तो येतो कुठून याच्या यादीत सगळ्यात वरचं कारण म्हणजे स्वतः करून जमलेली गोष्ट. दुसऱ्याचं भाषण, कुणाचं बघून आलेला उत्साह हे सगळं त्याच्या खाली. ६५ ग्रॅम आपल्याला दिसत नाहीत, पण ज्या कामामुळे ते जातात ते दिसतं. आज चाललो का, वेळेवर झोपलो का, दोन मजले चढताना आधीपेक्षा कमी धाप लागली का. यावर मीठ-पाण्याचा फारसा परिणाम होत नाही. काट्यावर उभं राहायचंच असेल तर रोजचा आकडा लिहून ठेवा आणि बघायची फक्त आठवड्याची सरासरी, मागच्या चार सरासऱ्यांच्या शेजारी. कमरेला टेप लावायची तर महिन्यातून एकदा पुरे.

अजून दोन गोष्टी, थोडक्यात. एक, "पंचविशी आली, माझा मेटाबॉलिझम बसला" हे खरं नाही. २०२१ मध्ये हर्मन पाँत्झर आणि बऱ्याच संशोधकांनी ६४०० हून जास्त लोकांची मोजमापं एकत्र केली (मोजायची पद्धत त्या लिफसन यांच्याच शोधावर उभी, म्हणून मला जास्त आनंद), आणि शरीराच्या आकाराचा हिशेब वजा केला तर २० ते ६० या वयात ऊर्जेचा खर्च जवळपास सारखाच निघाला. दुसरं, चरबीच्या पेशी रिकाम्या होतात, संपत नाहीत. स्वीडनच्या कारोलिन्स्का संस्थेतल्या कर्स्टी स्पाल्डिंग यांच्या गटाने २००८ मध्ये अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) वरून या पेशींचं वय काढलं, तर कळलं की त्यांची संख्या पौगंडावस्थेतच ठरून जाते, दरवर्षी १० टक्के मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात, वजन कितीही उतरलं तरी. म्हणून उतरलेलं वजन टिकवणं हे काम वेगळं आणि लांबचं, ते आठवड्यांच्या भाषेत बोलणाऱ्यांकडून शिकू नका.

आणि हे सगळं ज्यांचं खाण्याशी भांडण सुरू झालेलं नाही त्यांच्यासाठी. लपून खाणं, खाऊन मुद्दाम उलटी काढणं, पाळी बंद होणं, काट्यावर दिवसातून पुन्हा पुन्हा चढणं, यातलं काही होत असेल तर सरासरीबिरासरी काही काढू नका, काटा घरातल्या कुणाला तरी उचलून ठेवायला सांगा आणि डॉक्टरकडे जा, शक्यतो मानसोपचार करणाऱ्या.