खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा आणि मधला एक हायड्रोजन

‘चमचाभर सोडा टाका’ असं कुणी लिहिलं की मला पहिल्यांदा विचारावंसं वाटतं, कुठला? कॉस्टिक सोडाही सोडाच, आणि तो कातडी भाजून काढतो. सोडा वॉटरच्या बाटलीत तर बहुतेक वेळा सोडा नसतोच, दाबाखाली पाण्यात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड असतो. पण या दोघांवरून फारसं कुणी अडत नाही. खरा घोळ होतो तो खाण्याच्या आणि धुण्याच्या सोड्यात.

खाण्याचा सोडा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. नाव सोडियम बायकार्बोनेट, रूप बारीक पांढऱ्या भुकटीचं. पीठ फुलवतो, पोटातलं आम्ल शमवतो, कोरड्या पावडरीच्या काही अग्निशामकांतही भरलेला असतो. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. तो काच बनवायला लागतो, डिटर्जंटमध्ये लागतो. त्याचे काचेसारखे खडे मिळतात, पण डबा उघडा राहिला की त्यांतलं स्फटिकजल उडून जातं आणि त्यांचीही पांढरी भुकटी होते. तेव्हा रूपावर जाण्यात अर्थ नाही.

आता तो गैरसमज, जो ऐकून ऐकून कान किटले आहेत: ‘खाण्याचा सोडा म्हणजे धुण्याचाच, फक्त शुद्ध केलेला.’ साफ चूक. शुद्धतेचा इथे काडीचाही संबंध नाही. धुण्याचा सोडा कितीही गाळा, कितीही वेळा स्फटिक पाडा, तो जास्त शुद्ध धुण्याचा सोडाच होईल.

फरक आहे एका हायड्रोजनचा. दोन्ही सोडे कार्बोनिक आम्लाचे, म्हणजे कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून होणाऱ्या आम्लाचे, क्षार. या आम्लाकडे सोडून देता येतील असे दोन हायड्रोजन असतात. दोघांच्याही जागी सोडियम बसला की धुण्याचा सोडा. एकाच्याच जागी बसला आणि दुसरा हायड्रोजन तसाच राहिला, की खाण्याचा. म्हणजे खाण्याचा सोडा हा अर्ध्यावर थांबलेला क्षार आहे, आणि त्याचा सगळा सौम्यपणा या अर्ध्यावर थांबण्यात आहे. आम्ल आलं तर तो ते पचवतो. तीव्र अल्क आला तर उरलेला हायड्रोजन देऊन त्यालाही थोपवतो. त्यामुळे त्याच्या द्रावणाचा सामू (pH, म्हणजे द्रावण किती आम्ल वा अल्क आहे ते सांगणारा आकडा; 7 म्हणजे उदासीन) 8.3 च्या आसपास येऊन ठरतो आणि तिथून फारसा हलत नाही. एक चमचा घाला नाहीतर चार. ‘चिकटपणा जात नाही, अजून थोडा सोडा टाकते’ याचा उपयोग का होत नाही ते यात आलं. घासायला जास्त भुकटी मिळते, एवढंच.

धुण्याच्या सोड्याकडे तो हायड्रोजन नाही. पाण्यात पडला की तो पाण्याकडूनच हायड्रोजन ओढून घेतो आणि मागे हायड्रॉक्साइड सोडतो. लीटरभर पाण्यात दहा ग्रॅम कोरडा धुण्याचा सोडा टाकला, तरी सामू 11 च्या वर जातो. 8 आणि 11 हे आकडे शेजारीशेजारी वाटतात, पण सामूची एक पायरी म्हणजे दहापट, तीन पायऱ्या म्हणजे हजारपट. म्हणून हा तेलकटपणा कापतो, जड पाण्यातल्या कॅल्शियमचा साका खाली बसवतो. आणि म्हणूनच तो डोळ्यांत गेला तर झोंबतो, ॲल्युमिनियमची भांडी काळवंडवतो, लोकर आणि रेशीम खराब करतो. पोटात घेण्याची तर ही वस्तूच नव्हे.

‘बाय’ या अक्षरानेही गोंधळात भर घातली आहे. बाय म्हणजे दुप्पट, म्हणजे हाच जास्त जोरदार, असं लोकांना वाटतं. ते जुनं नाव आहे: तेवढ्याच सोडियममागे दुप्पट कार्बोनेट, एवढाच त्याचा अर्थ. आजचं नाव सोडियम हायड्रोजन कार्बोनेट. मला हेच आवडतं, कारण ते फरकावर बोट ठेवतं.

गंमत अशी की नुसती उष्णता दिली की पहिल्याचा दुसरा होतो. खाण्याचा सोडा तापवला की पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातात आणि धुण्याचा सोडा उरतो. 84 ग्रॅमचे 53 ग्रॅम होतात. 1860 च्या दशकात बेल्जियन रसायनतज्ज्ञ एर्नेस्ट सोल्व्हे यांनी उभ्या केलेल्या पद्धतीत कारखान्यातही हाच क्रम असतो: आधी बायकार्बोनेटचा साका पाडायचा, मग तो भाजायचा. भाजताना केकमध्ये सोडा जास्त झाला आणि आम्ल कमी पडलं, तर साबणासारखी चव येते ती यामुळेच. आपण नकळत आतमध्ये धुण्याचा सोडा तयार केलेला असतो.

माझ्याकडे एकदा दोन बरण्यांवरची लेबलं निघून पडली. घरातल्या एकाने दोन्हींत व्हिनेगर टाकून पाहिलं. दोन्ही फसफसल्या, आणि निकाल लागला: ‘दोन्ही खाण्याचेच!’ ही चाचणी मला बघवत नाही. कार्बोनेट असो की बायकार्बोनेट, आम्ल पडलं की फेस येणारच. त्या फेसाने फक्त मीठ आणि साखर वगळता येतात. (व्हिनेगर आणि सोडा एकत्र करून डाग घासणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की फेस ओसरल्यावर हातात उरतं ते मुख्यतः सोडियम ॲसिटेटचं पाणी.)

खरी चाचणी एप्सम सॉल्टची, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटची. ते थोड्या पाण्यात विरघळवलं. दोन्ही भुकट्या वेगवेगळ्या ग्लासांत, गार पाण्यात ढवळल्या. गारच, कारण गरम पाण्यात खाण्याचा सोडा बदलू लागतो. मग दोन्हींत एप्समचं पाणी ओतलं. पहिला ग्लास नितळ राहिला. दुसऱ्यात थेंब पडताक्षणी दुधासारखा पांढरा साका धरला, मॅग्नेशियम कार्बोनेटचा. दोन्ही ग्लास मोरीत ओतले, दुसरी बरणी साबणांच्या फळीवर नेली आणि या वेळी नाव थेट काचेवर रंगवलं.