चित्राच्या पाठीवर काय लिहिलंय?

पाटावर बसून एक बाई सुपात तांदूळ निवडते आहे. काळ्या शाईत काढलेलं चित्र, पदराची कड ब्रशच्या एकाच ओढीत उतरलेली. चित्र देखणं आहेच, पण उलटं केलं की खरी गंमत. मागे लाल पेन्सिलीत रुंदीचा आकडा, कोपऱ्यात ब्लॉकवाल्याचा, म्हणजे चित्राचा छपाईसाठी धातूचा ठसा करणाऱ्याचा, पुसट शिक्का आणि तिसऱ्याच कुणाच्या अक्षरात पान नंबर. पुन्हा सुलटं करून उजेडात तिरपं धरलं, तर बाईच्या कोपराशी पांढऱ्या पोस्टर कलरचा थर दिसतो. म्हणजे हात आधी वेगळा होता.

हे चित्र जुन्या नाशकातल्या एका वाड्याच्या माळ्यावरून निघालं. वाडा पाडायचा ठरला तेव्हा दोन पत्र्याच्या ट्रंका खाली आल्या. त्यांत दिवाळी अंकांसाठी आणि मुलांच्या पुस्तकांसाठी काढलेली चित्रं, काही हस्तलिखितं आणि पोस्टकार्डांचे गठ्ठे. घरच्यांची नाव छापायला हरकत आहे, म्हणून चित्रकाराचं नाव इथे नाही. महिनाभर मी यादी करायला जातो आहे. माणसाने जवळपास चाळीस वर्षं काम केलं आणि ट्रंकांत चित्रं १३७. बाकीची गेली कुठे, हा घरच्यांचा पहिला प्रश्न होता. त्याचं उत्तर आपल्या छपाईच्या इतिहासात आहे.

मराठीत छापील चित्रं आली ती शिळाछापातून. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पंचांग छापलं ते याच तंत्राने. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने लिहायचं किंवा चित्र काढायचं, प्रती काढायच्या आणि काम झालं की दगड घासून पुढच्या पानासाठी मोकळा करायचा. चित्रकाराचा हात जिथे लागला, ती जागाच घासून जायची. त्या काळच्या कितीतरी सचित्र पोथ्या आज हाताशी आहेत, पण चित्र काढणाऱ्याचं नाव सहसा सापडत नाही. रविवर्मा प्रेस तर देवघरांत पोहोचलेला, पुढे मळवलीला स्थिरावलेला मोठा छापखाना. त्याचंही बरंच काही १९७२ च्या आगीत गेलं.

या प्रेससाठी फोटो-लिथोचं, म्हणजे फोटोवरून शिळाछापाचं, काम केलेला एक माणूस आपल्या त्र्यंबकेश्वरचा. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळले १९११ नंतर. त्याआधी त्यांचा धंदा एन्ग्रेव्हिंगचा आणि छपाईचा होता, आणि रंगीत छपाईच्या यंत्रासाठी ते १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले होते. फाळक्यांचं नाव आलं की आपण थेट 'राजा हरिश्चंद्र'वर उडी मारतो. मधली ब्लॉक-शाई-आम्लाची वर्षं कुणी फारशी विचारत नाही.

ब्लॉकच्या काळात मूळ चित्र कागदावर आलं, निदान वाचण्याची शक्यता आली. पण त्या कागदाचा प्रवास बघा. चित्रकार छपाईच्या दीडपट किंवा दुप्पट मोठं चित्र काढायचा, कारण लहान करताना रेघ आवळून येते आणि हाताचा कंप लपतो. सूचना फिक्या निळ्या पेन्सिलीने, कारण ब्लॉकवाल्याच्या कॅमेऱ्याला तो निळा दिसत नाही. चूक झाली तर वर पांढरा रंग, कॅमेऱ्याला तो कागदच वाटतो. मग फोटो, जस्ताच्या पत्र्यावर उतरवणं, आम्लाने कोरणं, लाकडी ठोकळ्यावर ठोकणं. बिल चौरस इंचावर. पैसे पडले ब्लॉकचे, म्हणून जपला गेला ब्लॉक. पुन्हा वापरता यायचा, नाहीतर धातूच्या भावात विकता यायचा. चित्र ब्लॉकवाल्याकडेच पडून राहायचं, फार तर त्याच्यात दुसरं काहीतरी गुंडाळून जायचं. ते परत मागायची रीत नव्हती. चित्रकारालाही छापलेलं पान म्हणजेच आपलं काम वाटायचं.

१९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला आणि पुढे चित्रांची मागणी वाढतच गेली. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठं लोकांनी कापून, चौकटीत घालून भिंतींवर लावली. दलालांनी तर १९४५ मध्ये स्वतःचा 'दीपावली' सुरू केला. पण हे भाग्य मुखपृष्ठाचं. कथेच्या मधे, दोन कॉलमांच्या खाचेत बसणाऱ्या रेखाचित्रांना सगळे 'आतली चित्रं' म्हणायचे, आणि त्या शब्दातच त्यांची किंमत ठरलेली होती. माझ्या मते मराठी चित्रकलेचा सगळ्यात मोठा ऐवज तिथे होता. हे मत ट्रंका बघितल्यावर झालं, तेव्हा थोडं पक्षपाती समजा.

जे वाचलं ते बहुधा घरातल्या कुणाच्या तरी हट्टामुळे. महादेव विश्वनाथ धुरंधरांनी (१८६७–१९४४) इंग्रजी पुस्तकांसाठीही भरपूर चित्रं काढली आणि १९४० मध्ये आठवणी लिहून ठेवल्या. त्यांच्या कन्या अंबिका स्वतः चित्रकार. वडिलांचं काम त्यांनी आयुष्यभर जपलं. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१८ मध्ये धुरंधरांचं मोठं प्रदर्शन भरलं, त्याच्या मुळाशी ही अशी जपणूक आहे.

पत्रांचं मोल कळायला मात्र इंग्लंडात डोकवावं लागतं. मुलांसाठी लिहिणाऱ्या, चित्रं काढणाऱ्या बिआट्रिक्स पॉटरने ४ सप्टेंबर १८९३ रोजी आपल्या जुन्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला, पाच वर्षांच्या नोएलला, सशांची चित्रं काढून पत्र धाडलं. काही वर्षांनी तिला त्यातून पुस्तक करावंसं वाटलं, तेव्हा तेच पत्र तिने उसनं मागून घेतलं. पोराने ते ठेवलं होतं! १९०१ मध्ये तिने स्वखर्चाने २५० प्रती काढल्या, पुढच्या वर्षी प्रकाशकाने पुस्तक घेतलं आणि पीटर ससा जगभर गेला. तिची डायरी सांकेतिक लिपीत होती. लेस्ली लिंडर नावाच्या इंजिनिअरने ती १९५८ मध्ये फोडली, तीही एका ओळीतल्या रोमन सोळा आणि १७९३ या दोन खुणांवरून, म्हणजे फ्रान्सचा सोळावा लुई आणि त्याचं मृत्यूचं वर्ष. लिंडरचा संग्रह १९७३ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेला.

नाशकात जपणुकीची परंपरा नाही असं नाही. सार्वजनिक वाचनालय १८४० चं. पण घरांतल्या कागदांचे दोन वैरी आहेत. एक गोदावरी: नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी की गळ्याला, यावर गाव पूर मोजतं, आणि १९६९, २००८, २०१९ ही वर्षं काठावरची माणसं बोटांवर मोजून सांगतात. आमच्या ट्रंका माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. दुसरा वैरी प्रेमळ. घरच्यांनी आवडीची चार चित्रं कौतुकाने लॅमिनेट करून आणली. ती आता प्लॅस्टिकमधून सुटणार नाहीत, आणि पाठीवरचं लिखाण दुसऱ्या बाजूने चिकटवलेल्या काळ्या कागदाखाली गेलं.

हक्कांचा गुंता वेगळाच. पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि तो हक्क त्याच्या मृत्यूनंतरही बरीच वर्षं चालतो. म्हणजे संपादकांची कार्डं घरच्यांच्या मालकीची, पण छापायची तर संपादकांच्या वारसांना विचारायचं. सध्या आम्ही फक्त यादी करतो, गंजलेल्या टाचण्या काढतो आणि प्रत्येक चित्राचे दोन्ही बाजूंनी फोटो घेतो.

कार्डांचे गठ्ठे सुतळीने बांधलेले होते, तारखेप्रमाणे नाही, माणसांप्रमाणेही नाही. मी तारखेने लावायला निघालो होतो, सुदैवाने आधी नुसते वाचले. प्रत्येक गठ्ठा एकेका अंकाचा निघाला. तिसऱ्या गठ्ठ्यातल्या एका कार्डात संपादकांनी कळवलंय की बाईच्या हाताने सूप झाकलं जातंय, कथेत सगळं सुपावर आहे, तेव्हा हात जरा खाली घ्यावा. पांढऱ्या रंगाचा उलगडा झाला. टपालाचा शिक्का मात्र अर्धाच उमटलाय, वर्ष लागत नाही. जुन्या दिवाळी अंकांच्या बांधीव फायलींत ती बाई शोधतो आहोत.