मुक्तस्रोत प्रकल्पातील स्वयंसेवी योगदान

मुक्तस्रोत प्रकल्पातील स्वयंसेवी योगदान : ज्याचा मूळ कोड कोणालाही वाचता, बदलता आणि पुन्हा वाटता येतो अशा सॉफ्टवेअरच्या घडणीत बिनमोबदला केलेले काम. कोड लिहिणे हा त्याचा एक भाग झाला. बग (सॉफ्टवेअरमधील दोष) नोंदवणे, दुसऱ्याने नोंदवलेला बग खरा आहे का ते पडताळणे, माहितीपुस्तिका, भाषांतर, फाँट आणि आलेल्या कामाची छाननी हेही योगदानच. मुक्त कार्यप्रणालीसाठीचा ग्नू प्रकल्प १९८३ मध्ये, लिनक्स १९९१ मध्ये आणि लिनक्सवर आधारलेली डेबियन ही कार्यप्रणाली १९९३ मध्ये सुरू झाली. ‘ओपन सोर्स’ हे नाव १९९८ मध्ये पुढे आले.

मुंबईत या कामाची अनेक ठिकाणे आहेत. जुहूच्या एनसीएसटी या संशोधनसंस्थेने (आताचे सी-डॅक मुंबई) लिनक्सवर भारतीय लिप्या आणण्यासाठी इंडिक्स प्रकल्प केला. पवईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्पात विद्यार्थी पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे सायलॅबसारख्या आकडेमोडीच्या मुक्त प्रणालीत उतरवतात आणि त्याबद्दल मानधन मिळवतात, म्हणजे ते काटेकोर अर्थाने स्वयंसेवक नव्हेत. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलचे ध्वनिचित्रपाठ मराठीतही आहेत. ईआरपीनेक्स्ट हे उद्योगांचा कारभार सांभाळणारे सॉफ्टवेअर घडवणारी फ्रॅपे ही कंपनी आणि मुक्त परवान्याखाली ‘मुक्त’ व ‘बालू’ हे फाँट देणारी एक टाइप ही संस्थाही मुंबईचीच.

कामाचा क्रम बहुतेक प्रकल्पांत सारखा असतो. आधी परवाना आणि ‘कॉन्ट्रिब्युटिंग’ नावाची फाइल वाचायची. मग रेपो (प्रकल्पाच्या कोडचा साठा) फोर्क करून, म्हणजे त्याची आपल्या खात्यात प्रत काढून, स्वतःच्या यंत्रावर उतरवायचा आणि एकही अक्षर न बदलता सगळ्या चाचण्या चालवायच्या. नवख्यांचा पहिला शनिवार-रविवार इथेच जातो. ईआरपीनेक्स्टसाठी मारियाडीबी, रेडिस आणि नोड ही सहायक सॉफ्टवेअरे जागेवर असावी लागतात. न बदललेल्या कोडवरच चाचणी नापास होत असेल, तर दोष बहुधा यंत्राच्या मांडणीत असतो. हे आधी कळले नाही तर पुढे स्वतःच्या बदलाला उगाच दोष दिला जातो. त्यानंतर वेगळी ब्रांच (कोडची समांतर शाखा), एका कारणासाठी एकच बदल, शक्य तिथे त्याची चाचणी आणि मग पुल रिक्वेस्ट, म्हणजे तो बदल मूळ प्रकल्पात घेण्याची विनंती. कमिटची (बदलाच्या नोंदीची) पहिली ओळ पन्नासेक अक्षरांत बसवण्याचा प्रघात आहे. खालच्या मजकुरात बदल कशासाठी केला ते लिहावे. काय बदलले ते कोडमध्ये दिसतेच.

लिनक्स कर्नलमध्ये (कार्यप्रणालीच्या गाभ्यात) पुल रिक्वेस्टऐवजी ईमेलने पॅच, म्हणजे बदलाचा मजकूर, पाठवतात. प्रत्येक पॅचखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ओळ लागते. हे काम देण्याचा आपल्याला अधिकार आहे, असे ते लेखी प्रतिज्ञापत्र असते. ही पद्धत २००४ पासूनची आहे. उत्तर आले नाही तर किमान आठवडाभर थांबून मगच पॅच पुन्हा पाठवावा, असा तिथला नियम आहे.

योगदान नाकारले जाण्याचे कारण फार वेळा कोड वाईट असणे हे नसते. छाननी करणाऱ्याचा वेळ हीच प्रकल्पातली सर्वांत तुटपुंजी गोष्ट असते, आणि जे काम तपासायला करण्यापेक्षा जास्त वेळ लागतो ते पडून राहते. विंडोजवरील एडिटरने ओळींच्या शेवटांची खूण बदलली, की एका शब्दाच्या दुरुस्तीत अख्खी फाइल बदललेली दिसते. स्वतःच्या आवडीचा फॉरमॅटर (कोडची मांडणी आपोआप बदलणारे साधन) चालवल्यानेही हेच होते. ‘हा इश्यू मला द्या’ एवढेच लिहून गायब होणारे तर वेगळेच नुकसान करतात, कारण त्यांनी अडवलेल्या कामाला दुसरा कोणी हात लावत नाही. ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरमधील उपक्रमात २०२० साली रीडमी या परिचय-फाइलमध्ये एखादे विशेषण घुसडणाऱ्या विनंत्यांचा पूर आला, त्यांत भारतातून आलेल्याही पुष्कळ होत्या. अखेर सहभागाला संमती देणारे प्रकल्पच मोजायचे, असा नियम त्याच महिन्यात करावा लागला. जेंटू आणि नेटबीएसडी या कार्यप्रणालींच्या प्रकल्पांनी २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेल्या कोडवर निर्बंध आणले.

बग नोंदवताना आवृत्ती, कार्यप्रणाली, बग पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, हे पाचही लागते. त्रुटीसंदेश मजकूर म्हणून चिकटवावा. स्क्रीनशॉटमधले शब्द शोधता येत नाहीत.

मराठी भाषकाचे काम जिथे खरोखर दुसरा कोणी करू शकत नाही, ते क्षेत्र म्हणजे स्थानिकीकरण, अर्थात सॉफ्टवेअर आपल्या भाषेत आणणे. गेटटेक्स्ट या भाषांतर-पद्धतीच्या फाइलमध्ये मूळ इंग्रजी स्ट्रिंग (पडद्यावर दिसणारा मजकूर) आणि तिच्याखाली भाषांतर असते. मूळ स्ट्रिंग बदलली, की जुने भाषांतर ‘फझी’ ठरते आणि वापरले जात नाही. ती खूण न वाचता काढून टाकणे हा नेहमीचा घोटाळा. दुसरी अडचण सामान्यरूपाची. वाक्यातील रिकाम्या जागी कोणते नाव येणार हे भाषांतरकाराला ठाऊक नसते. तिथे ‘दादर’ आले तर ‘दादरमध्ये’ खपून जाते, पण ‘ठाणे’ आले की ‘ठाणेमध्ये’ असे उमटते. म्हणून ‘स्थानक : ठाणे’ अशी प्रत्यय टाळणारी रचना करावी. फाइल ‘हटवली’ आणि फोल्डर ‘हटवला’, पण इंग्रजीत दोन्हींसाठी एकच स्ट्रिंग. अशा वेळी मूळ कोडमध्ये संदर्भ जोडून दोन स्ट्रिंग करून मागाव्या लागतात.

काही बग परदेशातल्या मेंटेनरला (प्रकल्प सांभाळणाऱ्याला) दिसणारच नाहीत. ‘ऱ’ हा एकाच युनिकोड अंकाने (अक्षराच्या संगणकीय क्रमांकाने) साठवता येतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) अशा दोन अंकांनीही. पडद्यावर फरक दिसत नाही, पण सामान्यीकरण न करणाऱ्या, म्हणजे ही दोन रूपे एकच न मानणाऱ्या, सॉफ्टवेअरमध्ये ‘दऱ्या’ शोधून सापडत नाहीत. मराठी वळणाचे ल आणि श उमटण्यासाठी फाँटमध्ये ती रूपे असावी लागतातच, शिवाय मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदलेली असावी लागते. ती हिंदी म्हणून नोंदली, की चांगला फाँटही हिंदी वळण दाखवतो.

नोकरदारांनी नियुक्तिपत्र आधी वाचावे. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. काही नियुक्तिपत्रांत तर सुट्टीच्या दिवशी केलेले कामही कंपनीचे धरलेले असते. लेखी परवानगी मागणे सोपे. मर्ज झालेला, म्हणजे मूळ प्रकल्पात मिसळलेला, कोड परत काढणे फार जिकिरीचे.

सातत्याने काम करणाऱ्याला कालांतराने मर्ज करण्याचा हक्क मिळतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या संकोचन-सॉफ्टवेअरमध्ये चोरवाट सापडली. ती घालणाऱ्या खात्याने दोनेक वर्षे उपयोगी काम करून एकट्या, दमलेल्या मेंटेनरचा विश्वास मिळवला होता. तेव्हापासून काही प्रकल्पांत हक्क देताना अधिक चौकशी होते आणि नव्या माणसाला थांबावेही जास्त लागते. काम सोडणाऱ्या मेंटेनरने तसे जाहीर करावे, प्रकाशनाचे हक्क आणि डोमेनचे नूतनीकरण किमान दोघांकडे सोपवावे, आणि घेणारे कोणीच नसेल तर रेपो ‘अर्काइव्ह’ (फक्त वाचण्यापुरता खुला) करावा, म्हणजे निदान कोणी उत्तराची वाट पाहत बसत नाही.