डिकीतला बॉम्ब आणि प्रेक्षकाच्या पोटातला गोळा

दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटला की सगळे हसतात. पंचाईत होते ती न फुटलेल्याची. वात विझलीय की आत कुठेतरी धुमसतेय, काही कळत नाही. आमच्या वाड्याच्या अंगणात एकदा असाच एक पडून राहिला होता. अर्धा तास कुणी अंगण ओलांडलं नाही. दुधाची पिशवी आणायला निघालेले शेजारचे काका भिंतीला पाठ लावून, कडेकडेनं सरकत दिंडी दरवाजापर्यंत गेले होते. तो बॉम्ब शेवटपर्यंत फुटला नाही, आणि त्या दिवाळीतला तेवढा एकच बॉम्ब मला अजून आठवतो.

थ्रिलरच्या दिग्दर्शकाला पहिल्या पाच मिनिटांत प्रेक्षकांची हीच गत करायची असते. हे काम अमेरिकन दिग्दर्शक ऑर्सन वेल्सनं १९५८च्या 'टच ऑफ ईव्हिल'मध्ये ज्या थाटात केलंय, त्याला माझ्या मते आजही तोड नाही.

पडदा उजळतो तेव्हा दिसतात फक्त दोन हात. हातात डायनामाइटच्या कांड्या, त्यांना जोडलेला टायमर. हात टायमर लावतात. मेक्सिको-अमेरिका सीमेवरचं एक गाव, रात्रीची वेळ, कुठूनतरी बाईच्या हसण्याचा आवाज. बॉम्बवाला पळत सुटतो, भिंतीवर त्याची सावली धावते. एका उघड्या टपाच्या गाडीच्या डिकीत बॉम्ब टाकून तो पसार होतो. तेवढ्यात एक पुरुष आणि त्याची मैत्रीण येतात, गाडीत बसतात आणि निघतात. क्रेनवरचा कॅमेरा घरांच्या छपरांवरून गाडीमागे जातो आणि पुन्हा रस्त्यावर उतरतो. सुमारे तीन मिनिटं वीस सेकंद हे चालतं, मध्ये एकही कट नाही.

या तीन मिनिटांत घडतं काय? तर काहीच नाही. वाहतूक पोलीस हात दाखवून गाडी थांबवतो. पुढे शेळ्यांचा कळप आडवा येतो. नुकतंच लग्न झालेलं एक जोडपं (चार्लटन हेस्टन आणि जेनेट ली) पायी चाललंय. कधी ते गाडीच्या पुढे, कधी गाडी त्यांच्या पुढे. ते गाडीजवळ आले की आपला श्वास अडकतो, लांब गेले की सुटतो. मग सीमेवरचा नाका येतो. तिथला अधिकारी जोडप्याशी गप्पा मारत बसतो, मागे गाडी खोळंबलेली. गाडीतली बाई त्याला सांगते, माझ्या डोक्यात टिकटिक होतेय. त्याच्या खिजगणतीतही नाही. गाडी पुढे जाते, जोडपं एकमेकांच्या मिठीत येतं, आणि स्फोट.

त्या शेळ्यांवर माझा विशेष जीव आहे. एरवी रस्त्यात शेळ्या आडव्या आल्या तर आपण वैतागतो. इथे त्याच शेळ्या बघून घशाला कोरड पडते, कारण आत टायमर फिरतोय हे आपल्याला ठाऊक असतं. कट नसल्यामुळे सुटकाही नाही. एरवी संकलक मधला वेळ गाळू शकतो. इथे पडद्यावरचं मिनिट आणि आपल्या मनगटावरचं मिनिट एकच असतं.

चित्रीकरण कॅलिफोर्नियातल्या व्हेनिसमध्ये झालं. नाक्यावरच्या अधिकाऱ्याचं काम करणारा नट आपलं वाक्य पुन्हा पुन्हा विसरत होता आणि रात्र संपत आली होती, असा किस्सा सांगतात. शेवटी वेल्स त्याला म्हणाला, नुसते ओठ हलव, आवाज नंतर भरू.

थरारपटांचा बादशहा आल्फ्रेड हिचकॉकनं १९६२मध्ये फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोशी बोलताना हे गणित मांडलं होतं. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसेल, तर स्फोटानं त्याला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. आधीच माहीत असेल, तर टेबलावरच्या त्याच साध्या गप्पा पंधरा मिनिटांचा ताण देतात. सिनेमावाल्यांमध्ये हे इतक्या वेळा सांगितलं जातं की आता त्याची म्हण झालीय. पण माहीत असण्यानं प्रेक्षकात नेमकं काय बदलतं? तो गाडीकडे जास्त बघतो का?

कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीतल्या लेस्टर लॉश्की, जॉन हट्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासायला चक्क वेल्सचा हाच प्रसंग वापरला. २०१७मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला प्रसंग बॉम्बसकट दाखवला, दुसऱ्याला बॉम्बचा भाग वगळून. नजर नेमकी कुठे टेकते हे टिपणारं यंत्र समोर होतं. प्रसंग स्फोटाआधीच थांबवून विचारलं, आता पुढे काय होईल? बॉम्ब पाहिलेल्यांच्या उत्तरांत साहजिकच स्फोट होता, दुसऱ्यांना त्याची गंधवार्ताही नव्हती. गंमत पुढे आहे. दोन्ही गटांच्या नजरा जवळपास एकाच वाटेनं फिरल्या होत्या! ज्यांना बॉम्ब माहीत होता त्यांचे डोळेही गाडीला चिकटून राहिले नव्हते. कॅमेरा नेईल तिकडे, चेहऱ्यांकडे, हालचालींकडे जात होते. संशोधक याला सिनेमाची हुकूमशाही म्हणतात. ती कधी मोडली? नंतर या जागेचा नकाशा काढायचाय, असं आधीच बजावलं तेव्हा लोक पार्श्वभूमीकडे बघू लागले. पण नकाशा काढायला थिएटरात कोण जातं?

म्हणजे डोळे दिग्दर्शकाच्या ताब्यात असतातच, बॉम्ब दाखवा की न दाखवा. बॉम्ब दाखवल्यानं बदलतो तो त्याच चित्राचा अर्थ. एकाला शेळ्या दिसतात, दुसऱ्याला शेळ्यांनी खाल्लेले सेकंद. पहिल्या प्रसंगाचं काम डोळ्यांवर नाही, अंदाज बांधणाऱ्या मेंदूवर चालतं.

हे स्टुडिओला उमगलं नव्हतं बहुतेक. मूळ प्रतीत त्यांनी या शॉटवर श्रेयनामावली चढवली आणि हेन्री मॅन्सिनीचं ठेका धरायला लावणारं संगीत टाकलं. वेल्सनं ५८ पानांचं टिपण लिहून सुधारणा सुचवल्या होत्या. संकलक वॉल्टर मर्चनं त्याबरहुकूम १९९८मध्ये सिनेमा पुन्हा बांधला. नावं गेली, संगीत गेलं, आणि रस्त्यावरच्या बारमधली गाणी आणि गाडीचा रेडिओ ऐकू येऊ लागला. आता गाडी चौकटीबाहेर गेली तरी रेडिओच्या आवाजावरून कान तिचा माग काढतात. दोन्ही प्रती लागोपाठ ऐका. हो, ऐकाच.

अंदाज बांधण्यात मेंदूला इतका त्रास का व्हावा? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला २०१६चा एक प्रयोग इथे कामी येतो. ४५ स्वयंसेवकांना संगणकावर दगड दाखवून विचारत, याखाली साप आहे का? साप निघाला की हाताला विजेचा दुखरा झटका बसे. साप निघण्याची शक्यता सतत बदलत होती. डोळ्यांतल्या बाहुल्यांचा आकार, घाम आणि लोकांचं स्वतःचं सांगणं या तिन्हींतून दिसलं ते असं, की ताण सर्वांत जास्त तेव्हा असतो जेव्हा शक्यता निम्मी-निम्मी असते. झटका बसणारच हे पक्कं माहीत असतानाही ताण त्याहून कमी! न फुटलेल्या सुतळी बॉम्बचं कोडं मला हे वाचल्यावर सुटलं. वेल्सच्या गाडीत बॉम्ब फुटणार हे नक्की असतं. कधी, कुठे आणि ते जोडपं तेव्हा किती लांब असेल, हे शेवटपर्यंत अधांतरी राहतं.

आणि ताण चढला की आजूबाजूचं जग खरोखरच आक्रसतं. जॉर्जिया टेकमधल्या संशोधकांनी २०१५मध्ये लोकांना मेंदूची हालचाल टिपणाऱ्या स्कॅनरमध्ये झोपवून मधोमध थरारपटांतले प्रसंग दाखवले आणि कडेला लुकलुकणारी चौकटींची नक्षी ठेवली. प्रसंगातला धोका वाढला की कडेचं दृश्य हाताळणाऱ्या दृष्टिकेंद्राच्या भागातली हालचाल मंदावायची, मधल्या भागातली वाढायची. अशा वेळी शेजारच्यानं पॉपकॉर्न पुढे केलेलं दिसत नाही, ते यामुळेच असावं.

सगळेच बॉम्ब दाखवत नाहीत. 'जॉज'च्या (१९७५) सुरुवातीला शार्क दिसतच नाही. दिसते पोहणारी मुलगी, पाण्याखालून वर बघणारी नजर, आणि ऐकू येतात जॉन विल्यम्सचे दोन सूर. यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडत असल्यानं सिनेमाभर त्याला झाकून ठेवावं लागलं, हे पथ्यावरच पडलं. इथे बॉम्बचं काम ते दोन सूर करतात. मुलीला ते ऐकू येत नाहीत, आपल्याला येतात.

शेवटी पुन्हा हिचकॉक. १९६१च्या त्याच्या 'बँग! यू आर डेड' या टीव्ही कथेत एका लहान मुलाला काकाच्या सामानात खरं रिव्हॉल्व्हर सापडतं. ते खेळणं समजून तो त्यात गोळी भरतो आणि भेटेल त्याच्यावर रोखत फिरतो. न्यूयॉर्कमध्ये उरी हॅसन आणि सहकाऱ्यांनी ही कथा लोकांना स्कॅनरमध्ये दाखवली. वेगवेगळ्या प्रेक्षकांच्या मेंदूच्या बाह्यस्तराचा तब्बल ६५ टक्के भाग एकसारखा प्रतिसाद देत होता. बागेत नुसता कॅमेरा ठेवून केलेल्या चित्रणाला हा आकडा ५ टक्क्यांच्याही खाली होता.

पुढे कॅनडात लोरिना नॅची आणि एड्रियन ओवेन यांनी हीच कथा आठ मिनिटांत बसवून सोळा वर्षं कसलाही प्रतिसाद न देणाऱ्या एका रुग्णाला दाखवली. बोललेलं समजतंय की नाही याचा पत्ता नव्हता. निरोगी प्रेक्षकांच्या मेंदूतले विचार-नियोजनाचे भाग ज्या ज्या क्षणी चाळवतात, त्याच क्षणी त्याच्याही मेंदूतले चाळवले. २०१४मध्ये हे प्रसिद्ध झालं. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी आहे हे त्याला ठाऊक असावं, आणि मुलानं चापावर बोट ठेवलं की तोही वाट बघत असावा.