पक्कं घर आणि भूकंपात तगणारं घर

30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून आलेली माणसं घरात गाढ झोपलेली होती. 8 ते 10 हजारांच्या आसपास लोक गेले, तेही बहुतेक आपल्याच घराच्या भिंतींखाली आणि माळवदाखाली, म्हणजे लाकडावर मातीचे थर दिलेल्या सपाट छपराखाली. त्यानंतर लातूर-उस्मानाबाद (आताचं धाराशिव) पट्ट्यात दगडाची अशी धास्ती बसली की जो तो म्हणू लागला, आता दगड-माती नको, सिमेंटचं पक्कं घर पाहिजे. मागणी साहजिक होती. पण तिच्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली, आणि ती आजही प्रत्येक घरकुलाच्या चर्चेत दिसते.

पक्कं घर म्हणजे पावसात न गळणारं, वाळवी न लागणारं, दरवर्षी सारवण न मागणारं घर. हे सामानावर ठरतं. भूकंपात तगणारं घर ठरतं ते भिंत भिंतीला, छप्पर भिंतीला आणि दगड दगडाला कसा धरून आहे यावर. एकच घर दोन्ही असू शकतं. पण पहिलं जमलं म्हणून दुसरं आपोआप जमत नाही.

किल्लारीच्या भिंतीच बघा. दोन-अडीच फूट जाड, काही ठिकाणी त्याहून जास्त. बघणाऱ्याला वाटावं की किल्ला आहे. प्रत्यक्षात ती एक भिंत नव्हतीच. बाहेरच्या बाजूने एक थर, आतल्या बाजूने दुसरा, आणि मधल्या पोकळीत कपच्या नि माती. दोन्ही थरांना जोडणारे आरपार दगड फारसे नसायचे, कारण एवढे लांब दगड काढायला मेहनत लागते आणि गवंड्याला तेवढे पैसे कोण देतो? जमीन हलली की आतली भर खाली दबते, थर फुगतात आणि एकमेकांपासून सुटून दोन दिशांना कोसळतात. त्यात कोपऱ्यावर भिंती एकमेकींत नीट गुंफलेल्या नसल्या तर त्या सुट्या उभ्या फळ्यांसारख्या पडतात. म्हणजे जाडीने आधार दिला नाही, उलट वजन वाढवलं. भारतीय मानक 13828 मध्ये अशा दगडी भिंतीची जाडी 450 मिलिमीटरच्या पुढे नेऊ नका असं सांगितलंय ते यासाठीच. आरपार दगड उभ्या अंतरात दर 60 सेंटिमीटरला आणि आडव्यात दर 1.2 मीटरला हवेत, हेही त्यातच आहे.

याच घरांत एक गोष्ट चांगली होती, तिच्याकडे मात्र लोकांचं कमी लक्ष गेलं. अनेक ठिकाणी भिंती पडल्या तरी आतला लाकडी सांगाडा, खांब आणि तुळया, उभा राहिला. सागाच्या खणांचं ते काम लवचीक होतं. खांब-तुळईच्या सांध्यांना तिरप्या पट्ट्या मारल्या आणि माळवदावरची माती कमी केली, तर त्या सांगाड्याला आणखी जोर येतो. वर्षानुवर्षं थरावर थर टाकून माळवद फूट-दीड फूट मातीचं झालेलं असतं. गळतीवरचा तो सोपा इलाज. पण प्रत्येक थराचं वजन सांगाड्याला आणि भिंतींना पेलावं लागतं, आणि हादऱ्यात घर पडलं तर तेच वजन माणसांवर येतं.

आता सिमेंटकडे. 26 जानेवारी 2001 च्या भुजच्या भूकंपात केंद्रापासून 200 किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती पडल्या. त्यातल्या कित्येकांच्या तळमजल्यावर पार्किंग होतं, म्हणजे वर विटांनी भरलेले मजले आणि खाली नुसते खांब. शिवाय खांबातल्या उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या रिंगा लांब-लांब, त्यांची टोकं नीट न वाकवलेली. उलट कच्छमधले भुंगे, म्हणजे मातीची गोल घरं, वर हलकं गवताचं छप्पर, बरेचसे शाबूत राहिले. त्यांना कोपराच नाही, मग कोपरा उकलणार कुठून? भुंगा पक्का म्हणावा असा नाही, तरी त्याने माणसं वाचवली. यावरून कुणी सरसकट मातीचा जयजयकार करू नये. मराठवाड्याच्या दगड-मातीच्या घरांनी त्याच मातीचा दुसरा चेहरा दाखवलाय.

पुनर्वसनात 52 गावं नव्या जागी हलवली गेली. घरं जमीनधारणेनुसार 250 ते 750 चौरस फुटांची, रुंद सरळ रस्त्यांवर. बांधकाम भूकंपाचा विचार करून झालेलं होतं, ही जमेची बाजू. अडचण पुढे आली. बैल, कडबा, धान्य आणि वाढलेलं कुटुंब 250 चौरस फुटांत मावेना, तेव्हा लोकांनी स्वतःच्या खर्चाने शेजारी खोल्या जोडल्या. काही पत्र्याच्या, काही पुन्हा जुन्याच पद्धतीच्या दगडी. मूळ घराला सगळ्या भिंती बांधून ठेवणारा काँक्रीटचा आडवा पट्टा आहे, जोडलेल्या खोलीला नाही. टिकाऊपणाची परीक्षा माझ्या मते इथेच होते: घर वाढणारच, हे धरून आराखडा केला होता का, आणि वाढवताना गावातल्या गवंड्याला काय करायचं ते कळत होतं का?

याउलट, हलवलेल्या गावांबाहेरच्या खेड्यांत दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम झाला. त्यात महिला मंडळांमार्फत ‘संवाद सहायक’ गावागावांत नेमले गेले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचं हे काम. अशा मजबुतीकरणात जुन्या भिंतीत भोक पाडून, आत सळई टाकून काँक्रीटचा आरपार ‘दगड’ ओतता येतो, लिंटेलच्या, म्हणजे दारा-खिडक्यांच्या वरच्या आडव्या तुळईच्या, पातळीवर दोन्ही बाजूंनी जाळी बसवून भिंतीला कंबरपट्टा बांधता येतो. पण दगडाची भीती एवढी होती की पुष्कळांनी जुनं घर मजबूत करण्याऐवजी मिळालेल्या मदतीत एक नवी सिमेंटची खोली उभी केली. भीतीने घेतलेला निर्णय म्हणून त्याला नावं ठेवता येत नाहीत. पण मे महिन्यात पातळ स्लॅबखाली काय होतं हे मराठवाड्याला सांगायला नको. माळवदाखालचा गारवा गेला तो गेलाच.

आज कुणी छोटं घर बांधत असेल, तर खर्चाचा एक हिशेब हाताशी असावा. ग्रामीण घरकुलाचा किमान आकार 25 चौरस मीटर. 5 बाय 5 मीटरचं घर आणि मध्ये एक आडवी भिंत धरली, तर एकूण भिंत भरते 25 मीटर. भिंतींमधलं अंतर कमी असलेल्या घराच्या लिंटेल पट्ट्यात 8 मिलिमीटरच्या दोन सळ्या धरल्या तर 50 मीटर सळई लागते, वजन साधारण 20 किलो. वरून रिंगा आणि थोडं काँक्रीट. भिंत दगडाची असो, विटांची असो की ब्लॉकची, हा पट्टा दारा-खिडक्यांच्या वरून सर्व भिंतींवर न तुटता फिरला पाहिजे. फक्त खिडकीवर ठेवलेला तुकडा म्हणजे पट्टा नव्हे, आणि सेंट्रिंगवाला बहुतेक वेळा तेवढाच तुकडा टाकतो.