होस्टिंगचे पैसे भरले, तरी वेबसाइट बंद का पडली?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक: डोमेन, होस्टिंग आणि बिल

वेबसाइट बंद असल्याचा फोन आला की आम्ही सर्व्हर नंतर बघतो, आधी डोमेनची तारीख बघतो. बहुतेक वेळा दुखणे तिथेच असते. होस्टिंग म्हणजे सर्व्हरवरची जागा आणि डोमेन म्हणजे नाव. दोन्हींची मुदत वेगळी, पैसेही वेगळे. दुकानाचे भाडे भरले म्हणून पालिकेचे ट्रेड लायसन्स आपोआप वाढत नाही, तसेच हे. आमच्या बिलात म्हणूनच दोन वेगळ्या ओळी असतात. एकीचेच पैसे पाठवायचे असतील तर कोणत्या, ते सांगा.

होस्टिंगला उशीर झाला तर सांभाळून घेता येते, कारण सर्व्हर आमच्या ताब्यात आहे. मुदतीनंतर ७ दिवस खाते चालू ठेवतो, मग स्थगित करतो. त्यानंतरही ३० दिवस फाइली आणि डेटाबेस पुसत नाही. डोमेन मात्र आमच्या ताब्यात नसते. .कॉमची मूळ नोंदवही व्हेरिसाइन या कंपनीकडे, .इनची निक्सी या संस्थेकडे, मधे रजिस्ट्रार म्हणजे नावे नोंदवून देणारी कंपनी, आणि त्याच्यामार्फत आम्ही.

.कॉमची मुदत टळली की पुढे काय होते ते असे. पहिले जास्तीत जास्त ४५ दिवस नेहमीच्या दरात नाव परत चालू करता येते. पण हा काळ रजिस्ट्रार ठरवतो. अनेकांकडे तो कमी असतो आणि काही जण तेवढ्यात नाव लिलावालाही काढतात. नंतरच्या ३० दिवसांत नाव सोडवून घ्यायला नूतनीकरणाशिवाय वेगळे शुल्क पडते, ते वर्षाच्या शुल्काच्या कितीतरी पट. शेवटचे ५ दिवस कोणालाच काही करता येत नाही. त्यानंतर नाव मोकळे, जो आधी घेईल त्याचे. .इनचे टप्पे साधारण असेच, दिवस विचारून घ्या.

नाव थांबले की ईमेलही थांबतो, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्याला कोटेशनसाठी आलेले ड्रॉइंग किंवा खानापूरच्या काजूवाल्याला आलेली ऑर्डर पोहोचतच नाही. पैसे भरल्यावरही सगळीकडे एकदम चालू होत नाही. जुनी नोंद वेगवेगळ्या इंटरनेट कंपन्यांकडे काही तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत राहते. ‘माझ्या मोबाइलवर दिसते, भावाच्या दिसत नाही’ हा त्या काळात बिघाड नव्हे.

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक

डोमेनच्या नोंदीत मालकाचा म्हणून दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा असणे. मुदत संपण्याच्या सुमारे महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि संपल्यावर ५ दिवसांच्या आत सूचना पाठवणे .कॉमसारख्या नावांच्या रजिस्ट्रारला आयकॅनच्या, म्हणजे डोमेन नावांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या, नियमाने बंधनकारक आहे. पहिल्या दोन सूचना ऑफिसच्या त्या पेटीत येतात आणि जाहिरातींच्या गर्दीत पडून राहतात. तिसरी येते तेव्हा पेटीच बंद असते. आता लॉगिन करायला जावे तर पासवर्ड बदलण्याची लिंकही त्याच बंद पेटीत. मग लेटरहेड, ओळखपत्र, मालकीचा पुरावा आणि रजिस्ट्रारच्या उत्तराची वाट. पाच मिनिटांचे काम आठवड्यावर जाते, आणि ते ऐन गणपतीत किंवा मार्चअखेरीस निघते.

याच चुकीचा दुसरा प्रकार म्हणजे वेबसाइट बनवणाऱ्या मुलाचा ईमेल. तो मुलगा आता पुण्यात किंवा बेंगळुरूत नोकरीला असतो आणि डोमेन कागदोपत्री त्याचे असते.

उपाय सोपा आहे. नोंदीत मालकाचे नाव, मालकाचा चालू मोबाइल आणि जीमेलसारखा स्वतंत्र ईमेल द्या. .कॉमवर नवीन ईमेल नोंदवला की तपासणीचा मेल येतो. त्यातली लिंक १५ दिवसांत दाबलीच पाहिजे, नाहीतर पैसे भरलेले असूनही डोमेन स्थगित होऊ शकते. मालकाचे नाव बदलल्यावर ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जाण्यास अटकाव होऊ शकतो, म्हणून हलवायचे असेल तर आधी हलवा, मग नाव बदला.

आयकॅनच्या लूकअप पानावर डोमेनची तारीख कोणालाही बघता येते. तिथे फसायला एक जागा आहे. मुदत संपताच नोंदवही तारीख आपोआप एक वर्ष पुढे टाकते, पण पैसे न मिळाल्यामुळे रजिस्ट्रारने नाव बंदच ठेवलेले असते. पुढच्या वर्षाची तारीख दिसते म्हणून निश्चिंत होऊ नका. रजिस्ट्रारची तारीख बघा.

आम्ही डोमेन उधारीवर का देत नाही

रजिस्ट्रारकडे आमचे पैसे आगाऊ जमा असतात. नूतनीकरण केले की ते त्याच क्षणी कापले जातात आणि तुम्ही नंतर ‘नको होते’ म्हणालात तर आम्हाला परत मिळत नाहीत. म्हणून मुदतीच्या ३० दिवस आधी प्रोफॉर्मा म्हणजे कच्चे बिल पाठवतो आणि निदान १० दिवस आधी पैसे मागतो. वडिलांपासूनची ओळख असली तरी नियम हाच.

‘आधी पक्के बिल द्या, मग भरतो’ असेही बरेच जण म्हणतात. सेवेचे टॅक्स इनव्हॉइस काढले की, पैसे मिळोत न मिळोत, जीएसटी आम्हाला भरावा लागतो. पक्के बिल पैसे आल्यावर त्याच दिवशी मिळते. प्रोफॉर्मावर इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही, ते जपून ठेवू नका.

जीएसटी नंबर कोणता, ते बिलाआधी सांगा

सीमाभागात हा घोळ हमखास होतो. ऑफिस बेळगावात, युनिट महाराष्ट्रातल्या शिनोळीत, आणि दोन्हीकडे वेगळी नोंदणी. २९ने सुरू होणारा नंबर कर्नाटकाचा, २७ने सुरू होणारा महाराष्ट्राचा. २९ला आम्ही ९ टक्के सीजीएसटी (केंद्राचा) आणि ९ टक्के एसजीएसटी (राज्याचा) लावतो, २७ला १८ टक्के आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा). रक्कम तीच, पण २९वर काढलेल्या बिलाचे क्रेडिट शिनोळीच्या नोंदणीत घेता येत नाही. आम्ही महिन्याचे जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचे विवरणपत्र, पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरतो. त्यानंतर नंबर बदलायचा म्हणजे क्रेडिट नोट, नवे बिल आणि दोन्हीकडच्या सीएंचे फोन. निपाणी, चिकोडी आमच्याच राज्यात, कर्नाटकात. कागल, चंदगड, गडहिंग्लज पलीकडे महाराष्ट्रात, हे पत्ता लिहिताना बघा.

कार्डवरच्या ऑटो-रिन्यूवर विसंबणाऱ्यांसाठी थोडे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या निदान २४ तास आधी सूचना येते आणि १५,००० रुपयांवरच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागतो. कार्ड बदलले असेल किंवा परवानगी नोंदलेली नसेल तर व्यवहार गुपचूप फसतो. शिवाय पहिल्या वर्षाची स्वस्त ऑफर दुसऱ्या वर्षी नसते. घेतानाच नूतनीकरणाचा दर वाचा.

यूपीआयने पैसे पाठवताना नोटमध्ये डोमेनचे नाव लिहा. नुसत्या ‘वेबसाइट’वरून पैसे कोणाचे ते कळत नाही, आणि पैसे येऊनही नूतनीकरण अडून राहते.

मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांत वेबसाइट हवी असेल तर तीन होस्टिंग लागत नाहीत. एकाच जागेत मावते. डोमेन दुसरीकडून घेतलेले असले तरी तारीख आणि नोंदीतला ईमेल आम्ही विनाशुल्क तपासून देतो. .कॉम आमच्याकडे हलवायचे असल्यास जुन्या रजिस्ट्रारकडून ऑथ कोड (डोमेन हलवण्यासाठीचा गुप्त कोड) घ्या. हलवण्याच्या शुल्कातच मुदत एक वर्षाने वाढते. मुदत संपायला महिना तरी असताना या.